वाचनालय बंद व्हायची वेळ झाली, आबांना न्यायला कोणी आलं नाही, आता?

कोल्हापुरात कुठल्याही पेठेतल्या वाचनालयात जा, दार उघडायच्या आधीच पायरीवर दोन-चार आबा बसलेले असतात, पेपरवाला गठ्ठा टाकून गेलेला असतो आणि पहिला पेपर कुणाच्या हातात जाणार यावरून बारीक कुरकुर चालू असते. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, म्हणजे या गावाला वाचनालयात जाऊन बसायची सवय पावणेदोनशे वर्षांची. आता झालंय असं की घरात दिवसभर कोणी नसतं, मुलगा एमआयडीसीत, सून शाळेवर, लेक पुण्याला, मग "बाबा वाचनालयात बसतात, तेवढाच वेळ जातो" असं म्हणत म्हणत त्या बाबांचं विसरणं वाढत जातं, कधी जिन्यात पडतात, कधी रस्ता चुकतात, आणि हे सगळं बऱ्याचदा घरच्यांच्या आधी पेपर टेबलासमोर बसलेल्या लिपिकाला दिसतं.

आणि फक्त म्हातारी माणसंच कशाला, बौद्धिक अपंगत्व असलेला पंचविशीतला मुलगा असतो, गोळ्या चालू असलेली एखादी ताई असते, फिट येणारे सर असतात, अर्धांगातून उठलेले काका असतात. सगळे अठराच्या वरचे, मतदार यादीत नाव असलेले, त्यामुळं लहान पोरांसाठी जो नियम लावतो तो यांना लावता येत नाही, आणि "मोठी माणसं आहेत, आपलं काय जातंय" म्हणूनही चालत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा, त्यात ग्रंथालयांची रचना, मान्यता, अनुदान या गोष्टी आहेत. पण रात्री आठला कुलूप हातात घेऊन उभ्या असलेल्या शिपाईमामांनी आबांचं काय करायचं, हे आपलं आपल्यालाच ठरवून लिहून ठेवावं लागतं. मी देवघेवीच्या टेबलावर बसते, त्यामुळं माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते: वाचनालयानं कुणाचा सांभाळ करायचं अंगावर घेऊ नये, तेवढी माणसं पण नाहीत आणि तसं शिक्षण पण नाही. पण काही झालं तर फोन कुणाला लावायचा हे माहीत असायची जबाबदारी मात्र घेतलीच पाहिजे. आणि तो नंबर सगळं ठीकठाक असताना, त्या माणसाला विचारून घेतलेला असला पाहिजे. बाकी सगळं यावर उभं आहे.

१. आधी, काय करायचं नाही

दिव्यांग माणूस एकटा आला म्हणून "पालकांना घेऊन या" असं म्हणायचं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार दिव्यांग माणसाला इतरांइतकाच समान हक्क आहे, आणि त्या कायद्याच्या यादीत २१ प्रकारचं अपंगत्व आहे, म्हणजे नुसतं बघून आपल्याला निम्मं कळणारही नाही. एकटं येऊन बसणं हा त्याचा हक्क. सोबत कोणीतरी पाहिजे हे कधी म्हणायचं, तर माणूस स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा करून घेईल असं खरंच दिसलं, किंवा संडासला जाणं, जिना उतरणं, घरी जाणं यातलं काही त्याला मदतीशिवाय जमत नाही असं दिसलं तर. तेही त्याच्याशी बोलून, सगळ्या टेबलासमोर नाही.

दुसरं, रोग ठरवायचा नाही. "आबांना अल्झायमर झालाय वाटतं" असं चहाच्या टपरीवर बोलून मोकळं व्हायची आपल्याकडं लई सवय आहे. आपण डॉक्टर नाही. काय दिसलं तेवढंच बोलायचं आणि लिहायचं.

२. दिसतं काय आणि कुठं बघायचं

आमच्याकडं चपला बाहेर काढायच्या असतात आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त माहिती त्या चपलांच्या रॅकवरून मिळते. एक रिटायर झालेले सर यायचे, कायम पायताण करकरीत, एका विशिष्ट कोपऱ्यात जोडीनं काढून ठेवणार. मग कधीतरी दुसऱ्याचीच चप्पल घालून गेले, हसण्यावारी गेलं. नंतर आले ते एका पायात त्यांचं कोल्हापुरी पायताण आणि दुसऱ्या पायात निळी स्लीपर, आणि त्यांना त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं. चेष्टा करणारे करत होते. एवढा नीटनेटका माणूस असा बदलला म्हणजे काहीतरी झालंय, एवढं कळायला डॉक्टर लागत नाही.

बघायचं ते हेच, बदल. रोज दहाला येणारे एकला येतात. तेच पुस्तक परत परत नेतात आणि "हे वाचलं नाही" म्हणतात. स्वच्छ राहणारी मावशी तीच साडी आठवडाभर नेसलेली दिसते. अंगावर निळे-काळे डाग असतात. पेपर हातात असतो पण पान उलटत नाहीत. संध्याकाळ झाली की उगीच येरझाऱ्या, "घरी जायचंय, आई वाट बघत असेल" असं सत्तरीतला माणूस म्हणायला लागतो. विसरण्याचा आजार असलेल्यांना दुपार कलल्यावर जास्त बेचैन व्हायला होतं, डॉक्टर मंडळींना ही गोष्ट चांगली माहीत आहे, आणि नेमकी तीच आपली बंद करायची वेळ.

एखाद दिवशी एखादी गोष्ट झाली तर काही नाही, आपण पण चष्मा डोक्यावर ठेवून शोधतो. पण दोन-तीन गोष्टी मिळून महिनाभर दिसल्या तर घरच्यांशी बोलायची वेळ आली असं समजा. अचानक, म्हणजे सकाळी बरे होते आणि दुपारी बरळायला लागले, तर तो महिन्याचा विषय नव्हे, थेट दवाखान्याचा आहे, ते पुढं येतंय.

३. फोन नंबरचं कार्ड

निवडून निवडून म्हाताऱ्यांकडंच नंबर मागायला गेलात तर आबा चिडणार, "मी काय लहान हाय काय?" आणि त्यांचं बरोबरच आहे. म्हणून सगळ्यांकडूनच घ्या. वर्गणी भरायला येतात तेव्हा अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या पोरांपासून ते नव्वदीतल्या आज्जींपर्यंत प्रत्येकाकडून अडचणीच्या वेळचे दोन नंबर. तेवीस वर्षांच्या पोरीलाही कधी चक्कर येते की.

घोळ होतो तो पेपर विभागात. मुक्तद्वार असल्यामुळं तिथले बरेच जण सभासदच नसतात, वर्गणी नाही, कार्ड नाही, सहीच्या रजिस्टरात नुसतं "पाटील" आणि एक फराटा. कोल्हापुरात पाटील शोधायचा म्हणजे झालंच. रोज येणाऱ्यांशी एकेक करून निवांत बोला, चहाच्या वेळी, "आबा, सगळ्यांचे घेतोय, तुमचा पण घरचा एक नंबर लिहून ठेवू काय?" नाही म्हणाले तर नाही, तारीख टाकून "दिला नाही" एवढं लिहा, दोन-तीन महिन्यांनी परत विचारा.

कार्डावर काय पाहिजे ते सांगते. घरात ज्या नावानं हाक मारतात ते नाव, कारण घाबरलेल्या माणसाला आधारवरचं नाव घेऊन हाक मारली तर ओळख पटत नाही, "तात्या" म्हटलं की मान वर होते. दोन नंबर, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा गल्लीतल्या दुकानदाराचा, कारण मुलगा शिफ्टला असला की फोन लॉकरमध्ये असतो. घरी कसे जातात, चालत, केएमटीच्या बसनं की रिक्षानं. किती वाजता निघतात. साखर, फिट, रक्त पातळ व्हायची गोळी असलं काही असेल आणि त्यांना सांगायचं असेल तर ते, जबरदस्ती नाही. हे सगळं कुलपाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचं. टेबलाच्या काचेखाली ठेवायचं नाही, आजारपणाची माहिती उघड्यावर ठेवली की ती दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालेली असते, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकायची नाही.

४. "ताई, जरा बघा हं याच्याकडं, मी आलेच"

हे वाक्य प्रत्येक वाचनालयात ऐकू येतं. आमच्याकडं एक मावशी येतात, मुलगा पंचविशीचा, बौद्धिक अपंगत्व आहे, नकाशाच्या पुस्तकावर त्याचा लई जीव, एकेका पानावर बोट फिरवत बसतो. मावशींना लक्ष्मीपुरीत बाजार करायचा असतो. आधी अर्धा तास म्हणायच्या, मग दोन तास व्हायला लागले. त्यांना बोल लावायचं माझ्या मनात कधी आलं नाही, पंचवीस वर्षं त्या बाईला एकटीनं कुठं जायलाच मिळालेलं नाही. पण तो दोन तासांत एकदा लघवीला उठणार, एकदा जोरात ओरडणार, एकदा कोणीतरी त्याच्या पुस्तकाला हात लावणार, आणि टेबलावर त्या वेळी मी एकटी असणार.

म्हणून बसून बोललो, तोही समोर होता, त्यालाही विचारलं. ठरलं ते असं: वेळ एक तास, घड्याळात काटा कुठं आला की आई येणार हे त्याला दाखवून जायचं. जाण्याआधी संडासला नेऊन आणायचं. फोन चालू आणि आवाज मोठा. तो बेचैन झाला तर आम्ही फोन करणार आणि मावशी पंधरा मिनिटांत येणार, म्हणजे बाजार लक्ष्मीपुरीतलाच, तिथून पुढं जायचं नाही. आम्ही काय करणार नाही तेही सांगितलं: खायला घालणार नाही, औषध देणार नाही, संडासात सोबत जाणार नाही, आणि आमचं काम सोडून त्याच्याजवळ बसून राहणार नाही. हे एका कागदावर लिहिलं, दोघांच्या सह्या. ज्यांना जेवण, संडास, चालणं यासाठी माणूस लागतोच त्यांच्यासोबत माणूस थांबलाच पाहिजे, तिथं एक तासाची सवलत पण नाही.

गणपतीत महाद्वार रोडच्या आसपासच्या वाचनालयांनी एक लक्षात ठेवावं, साउंड सिस्टीमचा दणका आणि लाइटचे झोत यांनी अशी मुलं एकदम बिथरतात, त्या दिवसांत आधीच घरी फोन करून सांगायचं की आज नको आणू.

५. जागा

यावर फार बोलत नाही, बहुतेक गोष्टी शंभर-दोनशे रुपयांत होतात. जास्त लक्ष लागणाऱ्यांची खुर्ची टेबलावरून सरळ दिसेल अशी, पण दाराच्या तोंडाशी नको. हात असलेली खुर्ची, उठताना आधार मिळतो. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची बादच करा. जिन्याच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. संडासाची कडी बाहेरून नाणं घालून उघडता येईल अशी, हे मात्र उद्याच करा, माणूस आत पडला आणि कडी आतून लावलेली असेल तर दार तोडायला सुतार कुठून आणणार? आमच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर फरशी पुसून पुसून ओलीच असते, दारात जाड पायपुसणं आणि छत्र्यांना बादली. वरच्या मांडणीतलं पुस्तक काढायला आबांनी स्टुलावर चढायचं नाही, आपण काढून द्यायचं, "मी काढतो की" म्हणाले तरी.

६. तब्येत बिघडली तर

टेबलावरच्या प्रत्येकाला चार गोष्टी तोंडपाठ पाहिजेत, वाचून करायला वेळ नसतो.

फिट आली: घड्याळ बघा. आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, जमेल तसं कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा नाही, रुमाल नाही, पाणी नाही. आणि कांदा-चप्पल हुंगवणारा एकजण गर्दीत असतोच, त्याला गोड बोलून बाहेर गर्दी हटवायला लावा, तेवढंच काम मिळालं की तो पण शांत होतो. पाच मिनिटांच्या वर चालली, एकामागून एक आली, डोक्याला मार लागला किंवा पहिल्यांदाच आली तर १०८, म्हणजे अँब्युलन्स.

घाम, थरथर, बरळणं आणि शुगरची गोळी-इन्सुलिन चालू आहे: साखर उतरली असेल. शुद्धीत असतील आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८.

तोंड वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय: यातलं एक जरी अचानक झालं तरी १०८, आणि शेवटचे बरे कधी दिसले होते ती वेळ कागदावर लिहून त्यांच्यासोबत द्या. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळं डॉक्टर पहिल्यांदा हीच वेळ विचारतात. "जरा पडू द्या, बरं वाटेल" असं म्हणून तास घालवू नका, चहा-पाणी देऊ नका, घशात अडकतं.

पडले: लगेच काखेत हात घालून उभं करायचं नाही. कुठं दुखतंय विचारा, पाय हलवता येतो का बघा. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखाना.

अँब्युलन्सबरोबर कार्डाची झेरॉक्स पाठवा, आणि सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नेलं की खासगीत, हे घरी फोनवर नीट सांगा. लोक घाबरून दुसऱ्याच दवाखान्यात जाऊन बसतात.

जीव नकोसा झालाय असं कोणी बोलून दाखवलं तर "असं बोलू नये" म्हणून उडवून लावू नका. शांत कोपऱ्यात बसवा, ऐकून घ्या, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, चोवीस तास चालू असतो, तिथून आपल्याला पण सल्ला मिळतो. जिवावर बेतेल असं वाटलं तर ११२, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर.

७. बोलायचं कसं

समोरून जा, पाठीमागून खांद्यावर हात टाकू नका. एका वेळी एकच प्रश्न. "तुमचं नाव काय, कुठं राहता, कुणाबरोबर आलात" असं एका दमात विचारलं की माणूस गप्पच होतो. आई वाट बघतेय म्हणाले तर "तुमची आई कधीच गेली" हे सांगायचं नाही, त्यांना ते दर वेळी नव्यानं कळतं. "आई काय काय करायची हो जेवायला?" असं विचारा, पाच मिनिटांत तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर गाडी येते आणि जीव खाली पडतो. खोटं बोलायची पण गरज नाही.

८. पैसे आणि फोन

हा विषय अलीकडं लई वाढलाय. वाचनालयातला शांत बसलेला म्हातारा माणूस, हातात स्मार्टफोन, पेन्शन खात्यात, म्हणजे फसवणाऱ्याला तयार ताट. कोणीतरी तरुण रोज शेजारी येऊन बसतोय, "आजोबा द्या फोन, मी करून देतो", ओटीपी विचारतोय, कोऱ्या कागदावर सही घेतोय, असं दिसलं तर मध्ये जाऊन सरळ आबांशी बोला, "आबा, हे ओळखीचे काय तुमच्या?" एवढ्यानंच निम्मे पळतात. कानाला फोन लावून घामाघूम झालेले, कोपऱ्यात जाऊन हळू बोलणारे आणि "पोलिसांचा व्हिडीओ कॉल आहे, कुणाला सांगू नको म्हणालेत" असं म्हणणारे काका दिसले तर फोन कट करायला लावा, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०, जितका लवकर फोन तितकी रक्कम अडवून धरायची शक्यता जास्त.

आणि आपल्या स्टाफसाठी: सभासदाचा पिन, पासवर्ड, एटीएम आपण हातात घ्यायचं नाही. कितीही आग्रह केला तरी नाही. पैसे काढून आणून द्यायचे नाहीत. उद्या हजार रुपये कमी पडले की पहिलं नाव आपलं येतं.

९. दिसेनासे झाले तर

आधी आत: संडास, गच्ची, जिन्याखालची खोली, मांडण्यांच्या मागं. पाच मिनिटं, त्याच्या वर नाही. तोपर्यंत दुसऱ्यानं घरी फोन. मग रस्ता आणि पाणी आधी, म्हणजे तुमचं वाचनालय रंकाळ्याच्या बाजूला असेल तर रंकाळा, पंचगंगेकडं असेल तर घाट. एकजण तिकडं पळालाच पाहिजे. मग जुन्या सवयीच्या जागा. विसरणारा माणूस बऱ्याचदा आत्ताच्या घराकडं जात नाही, जुन्या घराकडं, जुन्या कामाकडं, देवळाकडं जातो. शाहू मिलमध्ये उमेद गेलेला माणूस मिल बंद होऊन जमाना झाला तरी पायानं तिकडंच वळतो. म्हणून आधी काय काम करायचे हे पण कार्डावर असू द्या. जवळचा रिक्षा स्टॉप, केएमटीचे कंडक्टर, फुलवाल्या मावशी यांना सांगा, कपड्याचा रंग सांगा, टोपी होती का सांगा.

पंधरा-वीस मिनिटांत सापडले नाहीत तर ११२. चोवीस तास थांबायला लागतं हा निव्वळ गैरसमज आहे, तसा कुठलाही नियम नाही.

१०. बंद व्हायची वेळ

आता मूळ मुद्दा. धरून चालू की आपण आठला बंद करतो.

सातला एक फेरी मारा, अजून कोण आहे, कोणाला न्यायला कोणीतरी येतं, त्यातलं कोण आलेलं नाही. सव्वासातला त्यांच्या घरी पहिला फोन. आठ वाजता फोन करण्यात अर्थ नसतो, कारण तोपर्यंत आपल्याला घरी जायची घाई झालेली असते आणि आवाज चढतो. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन एल्डर लाइन, १४५६७, ती पण सकाळी आठ ते रात्री आठच चालते, त्यामुळं तिचा सल्ला घ्यायचा तर आठच्या आत.

साडेसातला दुसरा नंबर, म्हणजे शेजारी किंवा दुकानदार. आबांना सांगून ठेवा, "आबा, घरी फोन लावलाय, येतायत, तोवर इथं बसूया." लाइट बंद करायची सुरुवात त्यांच्या डोक्यावरून करू नका. एकेक दिवा जायला लागला की घाबरतात.

आठ वाजले, कोणी आलं नाही. दार अर्धं बंद, बाकीचे वाचक बाहेर, पण दोघांनी थांबायचं, एकट्यानं कधीच नाही, आणि बसलेली मावशी असेल तर दोघांत एक बाई असलीच पाहिजे. कार्यवाहांना फोन करून कळवा, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर मंडळाला माहीत असतं.

आता तीन गोष्टी ज्या आपला कोल्हापुरी माणूस हटकून करतो आणि ज्या करायच्या नाहीत. एक, "चला आबा, बसा गाडीवर, सोडतो". दिलदारपणा कबूल, पण मागं बसलेला माणूस तोल जाऊन पडला तर? आणि ते जो पत्ता सांगतील तो वीस वर्षांपूर्वीचा निघाला तर? घराला कुलूप असेल तर रात्री त्यांना घेऊन कुठं फिरणार? दोन, रिक्षात एकटं बसवून देणं. तीन, पायरीवर बसवून कुलूप लावून निघणं, "येतीलच आता" म्हणत. हे तिसरं सगळ्यात वाईट.

माणूस चांगला सावध आहे, रोज एकटा जातो, आजच पाऊस आहे म्हणून थांबलाय, तर त्याचं तो ठरवेल, आपण रिक्षा बोलावून द्यायची आणि बास. वरचं सगळं ज्याला एकट्यानं घरी पोचणं जमणार नाही त्याच्यासाठी आहे.

साडेआठपर्यंत वाट बघा. तोपर्यंत घरचं कोणी निघालंय आणि फोनवर बोलणं झालंय तर थांबा. नाहीतर ११२ ला फोन, आणि सांगायचं एवढंच: "आम्ही अमुक वाचनालयातून बोलतोय, साधारण पंचाहत्तर वर्षांचे एक ज्येष्ठ नागरिक आहेत, एकटे घरी जाऊ शकत नाहीत, नातेवाइकांचे दोन्ही नंबर लागत नाहीत, वाचनालय बंद झालंय, आम्ही दोघं त्यांच्याजवळ आहोत." तक्रारीचा सूर नको, मदत मागतोय.

पोलिस आले की त्यांचं नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्या, कार्डाची झेरॉक्स द्या, कुठं नेणार विचारा, आणि आबांना त्यांच्यासमोर सांगा की हे तुम्हाला घरी पोचवायला आलेत. मानसिक आजार वाटतोय आणि स्वतःची काळजी घेता येत नाही अशा भटकणाऱ्या माणसाला संरक्षणात घेणं हे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम १०० नुसार पोलिस ठाण्याच्या प्रमुखाचं कामच आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यावं लागतं. एखाद्या नवीन शिपायाला हे माहीत नसतं, शांतपणे सांगायचं. जाताना दारावर चिठ्ठी लावा, पण त्यावर आबांचं नाव नको, "न्यायला आलेल्यांनी या नंबरवर फोन करावा" आणि कार्यवाहांचा नंबर.

दुसऱ्या दिवशी घरच्यांशी बोलायचं. बऱ्याचदा बस चुकलेली असते, फोन बंद पडलेला असतो. एकदा झालं तर समजून घ्या. परत झालं तर बोलावून बसा आणि वेळ बदला, सातच्या ऐवजी पाचला न्या म्हणावं. आबांना "उद्यापासून येऊ नका" म्हणायचं नाही, उशीर मुलानं केला, शिक्षा बापाला कशाला? आणि उठसूट कायद्याची धमकी पण नको. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा कायदा आहे, त्याच्या कलम २४ मध्ये साठीच्या पुढच्या माणसाला कायमचं टाकून द्यायच्या इराद्यानं कुठंतरी सोडून गेलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पाऊण तास उशीर म्हणजे हे कलम नव्हे. पण कपड्यांची पिशवी सोबत देऊन सोडलंय, दिलेला नंबर खोटा आहे, असं असेल तर पोलिसांना स्पष्ट सांगा. आणि दिव्यांग माणसाला घरात मारहाण होतेय, पैसे काढून घेतायत असं सबळ कारणानं वाटत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं, नात्यातलंच असायला लागत नाही.

११. अचानक लवकर बंद करावं लागलं तर

२०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्यांना हे समजावायला नको. पाणी चढतंय म्हणून दुपारी दोनला वाचनालय बंद करायचं ठरतं, आणि घरच्यांच्या डोक्यात मात्र आठ असतं. अशा दिवशी सूचना लावायच्या आधी कार्डांचा ड्रॉवर उघडा आणि फोन करत सुटा, पुस्तकं वरच्या मांडणीत हलवायचं काम त्यानंतर. नवरात्रात अंबाबाईच्या गर्दीमुळं रस्ते बंद असतात, रिक्षा दारापर्यंत येत नाही, त्या नऊ दिवसांत न्यायची जागा कुठली ते आधीच ठरवा. लाइट गेली तर एक टॉर्च टेबलावर, एक जिन्यात.

१२. ठराव आणि वही

हे सगळं कर्मचाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर करू नये, मंडळाच्या बैठकीत ठराव करून घ्या. अर्ध्या पानाचा पुरे: "वाचनालय हे सांभाळ केंद्र नाही. प्रौढ व्यक्तीला एकटं येण्याचा हक्क आहे. दैनंदिन गोष्टींसाठी मदत लागणाऱ्या व्यक्तीसोबत मदतनीस थांबावा. वेळ संपल्यावर न्यायला कोणी न आल्यास कर्मचारी दिलेल्या नंबरवर संपर्क करतील व अर्ध्या तासानंतर ११२ ची मदत घेतील. कर्मचारी कोणालाही स्वतःच्या वाहनातून नेणार नाहीत. थांबलेल्या वेळेचा मोबदला कर्मचाऱ्यास दिला जाईल." शेवटचं वाक्य मंडळ खोडायला बघेल, खोडू देऊ नका. पगार किती तुटपुंजा असतो सगळ्यांना माहीत आहे, वर रात्री नऊपर्यंत फुकट थांबा म्हटलं तर कोण थांबणार? हा ठराव मोठ्या अक्षरात, सोप्या मराठीत दारात लावा आणि वर्गणीच्या पावतीबरोबर पण द्या.

वही साधी, शंभर पानी. तारीख, वेळ, काय दिसलं, कुणाला फोन केला, काय उत्तर आलं, सही. "आबा वेडसर वागत होते" असं लिहायचं नाही, "४.१० ला तीन वेळा घरचा रस्ता विचारला, ४.२० ला सुनेला फोन, ४.४५ ला घेऊन गेल्या" असं लिहायचं. सीसीटीव्ही असेल तर किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं ते बसवणाऱ्याला विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी जुनं आपोआप पुसलं जातं, म्हणून काही घडलं की तेवढा तुकडा लगेच काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. तो पोलिसांसाठी, स्टेटसला लावायला नाही.

टेबलाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: ११२, १०८, १४५६७, १४४१६, १९३०, महिलांसाठी १८१, आपल्या हद्दीतल्या पोलिस ठाण्याचा लँडलाइन, कार्यवाहांचा मोबाइल, आणि स्टॉपवरच्या दोन भरवशाच्या रिक्षावाल्यांचे नंबर. दर एप्रिलला वर्गणी घेताना कार्डावरचे नंबर एकदा लावून बघा, सिम बदललेलं असतं आणि कोणी सांगत नाही.